नाव मुंबईत, घर मिठबावात

मुंबई-गोवा महामार्गावर रत्नागिरी जिल्हा संपतो आणि सिंधुदुर्ग सुरू होतो तो खारेपाटणला. मे २०२० मध्ये या नाक्यावर गाड्या अडू लागल्या, तेव्हा प्रत्येक गाडीला एक प्रश्न चुकत नव्हता : खंयसून इलात आणि खंय जातलात? एरवी कोकणात हा प्रश्न ओळख काढायला विचारतात. कुठल्या वाडीतले, कोणाचे कोण, हे दोन वाक्यांत निघतं आणि मग चहा होतो. त्या महिन्यात उत्तर फॉर्मवर लिहायचं होतं आणि पुढचे चौदा दिवस शाळेत काढायचे की घरात, हे त्या उत्तरावर ठरणार होतं.

सिंधुदुर्गातला कोरोना समजून घ्यायचा तर फॉर्मवरचे हे दोन रकाने पुरेसे आहेत. सरकारची मदत आली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. धान्य आलं, पैसे आले, डॉक्टर आले, उशिरा का होईना लसही आली. पण ही सगळी मदत ज्या नोंदवह्यांवरून वाटायची होती, त्या माणूस एकाच जागी राहतो असं धरून लिहिलेल्या होत्या. कोकणातलं घर मात्र चार-पाच पिढ्या दोन जागी राहत आलंय.

मिठबाव हे अशाच घरांचं गाव. बाहेरचे लोक या सगळ्या पट्ट्याला सरसकट मालवणचा किनारा म्हणतात, पण तालुका देवगड. उत्तरेला कुणकेश्वर, दक्षिणेला आचरा, शेजारी तांबळडेगची पुळण आणि समुद्राला लागून गजबादेवीचं देऊळ. हापूसची कलमं, माड, थोडी भातशेती, मासेमारी. आणि या सगळ्याइतकाच महत्त्वाचा, मुंबईहून येणारा पैसा. पूर्वी तो मनिऑर्डरने यायचा, आता फोनवरून येतो. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,४९,६५१ भरली, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १,०३६. राज्याचा आकडा तेव्हा ९२९ होता. इथे मुली जास्त जन्मतात असा याचा अर्थ कोणी काढत नाही. पुरुष कुठे आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. परळ-लालबागच्या चाळींतून ते आता डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याला गेले, एवढाच काय तो फरक.

२२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू, दुसऱ्या दिवशी राज्यात संचारबंदी आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद, २४ च्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी. या तीन दिवसांत जे निघू शकले ते निघाले. बाकीचे दहा बाय दहाच्या खोलीत अडकले. मुंबईत साथ वाढत होती, गावात घर रिकामं होतं आणि मध्ये पाचेकशे किलोमीटर बंद रस्ता. मे महिन्यात पोलिसांच्या ई-पासवर प्रवास सुरू झाला आणि मग जो लोंढा आला, त्याची तयारी कुणाचीच नव्हती.

ही पळापळ काही नवी नाही, हे इथे सांगायला हवं. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेग निघाला, तेव्हाही काही महिन्यांत लाखो माणसांनी शहर सोडलं आणि त्यातली कितीतरी कोकणाच्या वाटेला लागली. त्या साथीतूनच फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. १३ मार्च २०२० ला महाराष्ट्राने लागू केला तो हाच कायदा. १२३ वर्षांनी कायदा तोच आणि पळणारी माणसंही त्याच गावांची. मधल्या काळात एवढं कळायला हवं होतं की मुंबईत साथ आली की तिचं दुसरं टोक कोकणात असतं. राज्याच्या आराखड्यात हे टोक कुठे दिसलं नाही. ते सांभाळायला दिलं ग्रामपंचायतीकडे.

गावोगाव ग्राम कृती दलं झाली. सरपंच अध्यक्ष, सोबत ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, आशा, अंगणवाडी सेविका. काम काय? आलेल्याची नोंद करा, त्याला वेगळं ठेवा, ताप बघा, वाण्याकडून सामान पोचवा, भांडण झालं तर मिटवा. ठेवायचं कुठे? जिल्हा परिषदेच्या शाळेत. बाकं भिंतीला सारली, फळ्याखाली गाद्या पडल्या, मुलांसाठी बांधलेल्या संडासाला पाइप ओढून पाणी दिलं. मे महिन्यात कोकणातल्या विहिरी आधीच तळाला असतात. जेवण बहुतेक ठिकाणी घरून येई. गडग्यावर डबा ठेवायचा, मागे सरायचं, मग आतल्याने उचलायचा. ज्याचं गावात कोणी उरलेलं नाही, त्याच्या डब्याचं काय, याला शासन निर्णयात उत्तर नव्हतं. ते उत्तर वाडीने द्यायचं होतं आणि बहुतेक वाड्यांनी ते दिलं. काही ठिकाणी नाही दिलं. पाणंदीवर काटे-कवाठे टाकून आपल्याच माणसांना अडवल्याच्या गोष्टी त्या दिवसांत कोकणभर झाल्या आणि त्या विसरल्यासारखं आता सगळे करतात.

‘येवा, कोकण आपलाच आसा’ ही पाटी पर्यटकांसाठी होती. मुंबईला नोकरीला गेलेल्या चाकरमान्याला ती कधी लागली नव्हती. २०२० मध्ये त्याला पहिल्यांदा आपल्या गावात यायला परवानगी लागली, हा घाव आजाराइतकाच खोल गेला. गावाकडच्यांची भीतीही खोटी नव्हती. गावात राहिलेली माणसं साठीच्या पुढची. मिठबावला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, देवगडला ग्रामीण रुग्णालय. पण जीव अडकला तर ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठायचं, आणि त्याची वाट कणकवलीवरून. पहिल्या महिन्यांत तपासणीची प्रयोगशाळाही जिल्ह्यात नव्हती. घशातला नमुना घाट चढून मिरजेला जाई आणि अहवाल येईपर्यंत अख्खी वाडी श्वास रोखून बसे. जिल्ह्याची स्वतःची प्रयोगशाळा त्या पावसाळ्यात आली.

आता धान्याचं बघू. २६ मार्च २०२० ला पंतप्रधान गरीब कल्याण अन्न योजना जाहीर झाली : अन्नसुरक्षा यादीतल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला ५ किलो धान्य फुकट, कुटुंबाला १ किलो डाळ. सुरुवातीचे तीन महिने, मग नोव्हेंबरपर्यंत. २०२१ च्या मे महिन्यात पुन्हा सुरू होऊन ती थेट डिसेंबर २०२२ पर्यंत चालली. जे या यादीत नाहीत पण केशरी कार्डवाले आहेत, त्यांना राज्याने मे आणि जून २०२० साठी माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी दिला. उज्ज्वलातून तीन सिलिंडर, महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने ५०० रुपये, पीएम किसानचा २,००० रुपयांचा हप्ता. गावात राहणाऱ्या म्हातारीला यातलं बरंच मिळालं. रेशन दुकानाची ती रांग त्या उन्हाळ्यात खरोखर कामाला आली, याबद्दल दुमत नसावं.

पण शाळेत चौदा दिवस काढून घरी आलेल्या तिच्या मुलाचं, सुनेचं आणि दोन नातवंडांचं कार्ड नालासोपाऱ्याच्या दुकानाला जोडलेलं. एका घरात जेवणारी तोंडं पाच आणि गावच्या कार्डावर नाव एक. कार्ड राज्यात कुठेही चालेल, ही सोय कागदावर होती. मात्र गावच्या दुकानात धान्य येतं ते गावच्या कार्डांच्या हिशोबाने. मे महिन्यात केंद्राने कार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठीही दोन महिने माणशी ५ किलो धान्य जाहीर केलं. चाकरमानी त्यातही बसेना, कारण त्याच्याकडे कार्ड होतं. शिवाय ‘स्थलांतरित मजूर’ म्हटलं की सरकारच्याच नव्हे, त्याच्याही डोळ्यांसमोर रेल्वेरुळांवरून चालणारी माणसं यायची. आपण त्यातले, हे त्याच्या मनालाही शिवलं नाही. तो तर आपल्या घरी आला होता! नोंदीत मात्र तो ना इथला होता ना तिथला.

उलट दिशेचीही माणसं होती. देवगड पट्ट्यातल्या आंब्याच्या बागा राखायला आणि बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी माणसं वर्षानुवर्षं येतात. मार्च-एप्रिल हा बागेत त्यांचा कामाचा भर. ती राहत गावात होती, नाव परमुलखात. त्यांचं पोट बागायतदाराच्या मर्जीवर चाललं. त्याच उन्हाळ्यात आंबाही अडकला. तेव्हा कृषी विभाग आणि पणन मंडळाने बागायतदार व शहरातल्या सोसायट्या जोडून दिल्या, एसटीने मालवाहतूक सुरू केली आणि प्रवासी नसलेल्या गाड्यांतून हापूसच्या पेट्या मुंबईला जाऊ लागल्या. माणूस जाऊ शकत नव्हता, आंबा जात होता. काही बागायतदारांना दलालाशिवाय गिऱ्हाईक मिळालं ते कायमचं. महामारीतल्या सरकारी मदतीत मागाहूनही टिकलेली गोष्ट शोधायची तर मी आधी हिच्याकडे बोट दाखवीन.

गणपतीचा घोळ तपशिलात सांगण्यासारखा आहे, कारण नियम कसे करू नयेत याचा तो नमुना होता. २०२० मध्ये चतुर्थी २२ ऑगस्टला. चाकरमानी गणपतीला येणार, हे कळायला कुठली समिती लागत नाही. तरी जुलै उलटेपर्यंत काही ठरेना. सिंधुदुर्गात ७ ऑगस्टच्या आत या आणि चौदा दिवस वेगळे राहा, अशी बोलणी झाली. चौदा दिवस अधिक सणाचे दिवस, एवढी रजा खासगी नोकरीत कोण देतो? ओरड झाली. मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात राज्याने सांगितलं की विलगीकरण दहा दिवसांचं, एसटीने येणाऱ्याला ई-पास नको, एका गाडीत २२ प्रवासी आणि १२ ऑगस्टनंतर येणाऱ्याने चाचणी करून यावं. म्हणजे निर्णय कळल्यापासून गाडीत बसेपर्यंत हातात आठवडा. रेल्वेने गणपती विशेष गाड्या सोडल्या त्या १५ ऑगस्टपासून, दहा दिवसांचा हिशोब चुकून गेल्यावर. २२ ऑगस्टला, चतुर्थीच्याच दिवशी, केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना कळवलं की प्रवासावर परवान्यांची बंधनं घालू नका. महाराष्ट्राने जिल्ह्याबाहेर जायला लागणारा ई-पास रद्द केला तो २ सप्टेंबरपासून. अनंत चतुर्दशी १ सप्टेंबरला झाली होती.

त्या वर्षी कित्येक घरांत गणपती माजघरात आणि घरचा कर्ता पडवीत किंवा शाळेत, असं झालं. आरत्यांना शेजारी आले नाहीत, भजनाच्या बाऱ्या झाल्या नाहीत. नियमांमागे आरोग्याचं कारण खरं होतं, ते मी नाकारत नाही. पण तारखा ठरवणाऱ्याने भिंतीवरचं कालनिर्णय जूनमध्ये पाहिलं असतं तर अर्धा मनस्ताप वाचला असता.

सणानंतर १५ सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन आशाताई घरोघर. कोकणातलं घरोघर म्हणजे काय हे मुंबईत बसून कळणार नाही. एक घर वरच्या सड्याजवळ, दुसरं खाली व्हाळापलीकडे, मधे चिऱ्यांच्या पायऱ्या आणि कोणाचा तरी कुत्रा. घरात माणसं किती, याचं खरं उत्तर फक्त आशाताईच्या वहीत असे. कार्डावर काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. चुलीपाशी किती बसलेत ते ती मोजत होती. माझ्या मते त्या दोन वर्षांत गावातली एकमेव बरोबर नोंदवही ही होती. तिचं मोल काय झालं? केंद्राने कोविडच्या कामाचे महिन्याला १,००० रुपये दिले, राज्याने जुलै २०२० पासून २,००० वाढवले, आणि १५ जून २०२१ ला राज्यभरातल्या आशांना संप करावा लागला. आठवडाभराने १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता पदरात पडला.

२०२१ ने सगळं उलटं केलं. दुसरी लाट गावांत शिरली. १३ एप्रिलला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्बंधांसोबत ५,४७६ कोटी रुपयांचं साहाय्य जाहीर केलं : सात कोटी लोकांना महिन्याचं ३ किलो गहू, २ किलो तांदूळ मोफत, शिवभोजन थाळी फुकट, नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरकाम करणाऱ्या महिला, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षावाले यांना १,५०० रुपये. पुन्हा तोच शब्द, ‘नोंदणीकृत’. दुसऱ्याच्या परवान्यावर रिक्षा चालवणारा, चार घरची धुणी करणारी, जत्रेच्या हंगामावर जगणारा दशावतारी नट, यांची नोंदणी कोणी केली होती? कलाकारांना एकरकमी ५,००० रुपये द्यायचं ठरलं तेव्हा कलाकार असल्याचा पुरावा काय, हा प्रश्न आला. रात्रभर रावण नाचवलेल्या माणसाकडे त्याची पावती नसते.

मे महिन्याच्या ऐन भरात, १६ तारखेला, तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं. देवगडच्या आनंदवाडी बंदरात नौका बुडाल्या, खलाशी गेले. माड पडले, कौलं उडाली, झाडावरचा उरलेला आंबा जमिनीवर आला आणि दिवसेंदिवस वीज नव्हती, तीही रुग्णालयांना ऑक्सिजन हवा असताना. राज्याने २५२ कोटींची मदत ठरवली. फळबागांना हेक्टरी ५०,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. इथे दोन गावांच्या घराची जुनी दुखरी नस उघडी पडली. कोकणातला सातबारा म्हणजे आजोबा-पणजोबांच्या नावावरचं सामाईक खातं. बाग राखतो एक भाऊ, सातबाऱ्यावर नावं पंधरा, त्यातले काही वारलेले, काही बोरिवलीत, एखादी आत्या बडोद्याला. पैसे हवेत तर सगळ्यांची संमतीपत्रं. टाळेबंदीत ती गोळा कशी करायची? झाड पडलेलं अंगणात दिसतंय आणि मदत अडलीय कागदावर.

२५ मे २०२१ ला आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी अठरा जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद केल्याचं सांगितलं. त्यात सिंधुदुर्ग होता. पुन्हा शाळा उघडल्या, या वेळी गावकऱ्यांसाठी. त्या वर्षी निदान ग्रामपंचायतींना पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून विलगीकरण कक्षासाठी खर्चाची मुभा होती. आदल्या वर्षीच्या वर्गणीपेक्षा ते कितीतरी बरं. जूनच्या पहिल्या आठवड्यात निर्बंधांचे पाच स्तर आले तेव्हा बाधितांचं प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास असलेला सिंधुदुर्ग चौथ्या स्तरात होता आणि मुंबई तिसऱ्या. वर्षापूर्वी ज्यांना पाणंदीवर अडवलं ते आता फोनवर गावाकडच्यांना सांगत होते, सांभाळून राहा.

लसीतही नोंदणीच आडवी आली. १ मेपासून अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली, पण वेळ मिळवायची कोविनवर, आणि मोबाइलला रेंज सड्यावर. सड्यावर चढून बोट लावेपर्यंत वेळा संपलेल्या असत. २४ मे २०२१ ला सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणीची मुभा आली, २१ जूनपासून केंद्राने सगळ्यांना लस फुकट केली, तेव्हा कुठे आरोग्य केंद्राच्या रांगेत गावची माणसं दिसू लागली. महात्मा फुले जनआरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना खुली करण्याचा २३ मे २०२० चा निर्णय मात्र सरळ होता. पांढरं कार्ड असो वा केशरी, माणूस महाराष्ट्रात राहतो एवढं पुरे. मला तो त्या काळातला सगळ्यात शहाणा सरकारी कागद वाटतो. कुठल्या दुकानाला नाव जोडलंय, हे त्याने विचारलं नाही.

जे गेले त्यांच्या मागच्यांसाठीही मदत होती. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ ला आदेश दिला, महाराष्ट्राने २६ नोव्हेंबरला शासन निर्णय काढला आणि जवळच्या नातलगाला ५०,००० रुपये मिळू लागले. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने ५ लाखांची मुदत ठेव केली, केंद्राच्या पीएम केअर्समधून तेविसाव्या वर्षी १० लाखांची तरतूद झाली. एकट्या पडलेल्या बायांसाठी ‘मिशन वात्सल्य’ आलं. अर्ज ऑनलाइन. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू होतो तिथे, म्हणजे मुंबईच्या रुग्णालयात गेलेल्याचा दाखला महापालिकेचा, चाचणीचा अहवाल तिसरीकडे, बायको गावात, दीर विरारला आणि इतर वारसांची हरकत नसल्याचं पत्र हवं. सेतू केंद्रातल्या मुलाने हे सगळं जुळवून दिलं म्हणून कित्येकांचे पैसे आले. पन्नास हजारांसाठी सासरच्या माणसांची संमती मागायला लागलेल्या विधवेला काय वाटलं असेल, ते तिलाच माहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की सिंधुदुर्ग-रत्नागिरीसाठी राज्याचा साथीचा आराखडा वेगळा हवा आणि त्याची सुरुवात प्रत्येक ग्रामपंचायतीत चाकरमान्यांच्या नोंदवहीने व्हावी : गावातलं घर कुठलं, मुंबईतला पत्ता काय, रेशन कुठे, घरात म्हातारं कोण, अडीअडचणीला फोन कुणाला. गणपतीला आणि शिमग्याला सगळे येतातच. दोन सणांत वही भरते. पुढची साथ असो की वादळ, खारेपाटणच्या नाक्यावर मग प्रश्न विचारायची वेळ येणार नाही.

हा लेख बहुधा मुंबईतल्या घरात वाचला जातोय, म्हणून एक सांगणं. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर ते काम या वर्षी उरका. २०२५ मध्ये सरकारने मृत खातेदारांच्या वारसांची नावं लावायला ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली होती. ती हुकली असली तरी वारसनोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवरून मुंबईत बसूनही करता येतो.